शब्दांचा नेम चुकतो तेव्हा

(‘वृत्तपत्रे आणि शब्दांची जबाबदारी’ या विषयावर एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



अमेरिकेतील ‘असॉल्ट वेपन्स’ या वादावर मी बोलणार आहे, हे कळल्यावर संयोजकांपैकी एकाने मला विचारले, “अहो, त्यांच्या बंदुकांशी आपले काय देणेघेणे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी माझ्याच एका चुकीपासून देतो.

१६ एप्रिल २००७ ची रात्र. मी तेव्हा एका दैनिकात रात्रपाळीवर होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाल्याच्या तारा येऊ लागल्या. मृतांचा आकडा दर तासाला वाढत होता आणि पान सोडण्याची वेळ जवळ येत होती. मी मथळा दिला : ‘स्वयंचलित रायफलीतून अंदाधुंद गोळीबार’. रायफल होती असे कोणत्याही तारेत म्हटलेले नव्हते. पण इतकी माणसे मारली गेली म्हणजे शस्त्र तसेच असणार, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले.

पुढे सत्य बाहेर आले. त्या माथेफिरूच्या हाती दोन पिस्तुले होती. रायफल नव्हती आणि स्वयंचलित असे तर काहीच नव्हते. बत्तीस निरपराध जीव गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, तामिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापक होते. म्हणजे घटना सातासमुद्रापलीकडची असली, तरी दुःख आपल्या दाराशी आलेले होते.

आठवड्याभराने सातारा जिल्ह्यातून एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे निवृत्त सुभेदार होते. मजकूर चारच ओळींचा. “संपादक साहेबांस नमस्कार. चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, ते शस्त्र स्वयंचलित नव्हे. चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटतच राहतात, ते स्वयंचलित. एवढे तरी तपासून लिहीत जावे.” मी कलाशाखेचा पदवीधर. शस्त्रांतले मला काय कळणार? पण शब्दांतले कळते, असा माझा अभिमान होता. त्या पोस्टकार्डाने तो उतरवला. तेव्हापासून या विषयाचा मी जमेल तसा अभ्यास केला. आज आपल्यापुढे ठेवतो आहे, तो त्याचाच गोषवारा आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

पहिला शब्द ‘मशीनगन’, अर्थात पूर्ण स्वयंचलित शस्त्र. अमेरिकेत अशा शस्त्रांवर १९३४ पासून कडक नियंत्रण आहे. १९८६ च्या कायद्याने तर नव्याने तयार होणारी मशीनगन सामान्य नागरिकाला विकण्यास बंदीच घातली. दुसरा शब्द ‘असॉल्ट रायफल’. हा सैनिकी शब्द आहे. १९४४ साली जर्मनीने ‘श्टुर्मगेवेअर’, म्हणजे ‘हल्ल्याची रायफल’, या नावाची बंदूक रणांगणावर आणली. मध्यम ताकदीचे काडतूस, काढता-घालता येणारे मॅगझिन आणि एकेक गोळी किंवा सलग गोळ्या अशी दोन्ही प्रकारे मारा करण्याची सोय, ही तिची लक्षणे. सोव्हिएत रशियाची एके-४७ याच जातकुळीची.

तिसरा शब्द ‘असॉल्ट वेपन’. सारा घोटाळा येथे आहे. हा शब्द लष्करी शास्त्रातला नव्हे. तो बाजारात रुळला आणि राजकारणात मोठा झाला. बाहेरून सैनिकी रायफलीसारखी दिसणारी, पण चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सोडणारी, अशी अर्धस्वयंचलित बंदूक या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे प्रसिद्ध उदाहरण एआर-१५. यातील ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’, असे आपल्याकडचे अनेक पत्रकार आजही मानतात. प्रत्यक्षात ती अक्षरे ‘आर्मालाइट’ या मूळ कंपनीच्या नावावरून आली आहेत.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत किती नेमका आहे पाहा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘निषिद्ध शस्त्र’ कशाला म्हणावे, हे सांगताना बंदुकीच्या रंगारूपाचा उल्लेखही नाही. चापावर दाब दिल्यावर, तो दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असे शस्त्र निषिद्ध, ही त्यातील कसोटी आहे. सुभेदारांचे पोस्टकार्ड आणि संसदेचा कायदा एकच गोष्ट सांगत होते.

आपल्या वाचकाची गल्लत का होते, हेही समजून घेतले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांच्या हाती एके जातीच्या खऱ्या असॉल्ट रायफली होत्या. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या रायफलीची नळी हातांत घट्ट धरून ठेवली आणि देह ठेवला. ते चित्र मराठी मनावर कोरले गेले आहे. त्यामुळे तशा आकाराच्या कोणत्याही बंदुकीचे छायाचित्र दिसले, की आपल्याला तीच रात्र आठवते. अशा वेळी भावना खरी असते, पण माहिती चुकलेली असते.

संगिनीवर बंदी!

आता अमेरिकेच्या कायद्याकडे वळू. १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला आणि पाच चिमुरडी मुले गेली. सारा देश हादरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा बंदुकांवर बंदी आणली. १३ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशव्यापी कायद्यावर स्वाक्षरी केली. मुदत दहा वर्षांची होती.

त्या कायद्याची रचना कशी होती? काही बंदुकांची नावे घेऊन बंदी होती. उरलेल्यांसाठी लक्षणांची यादी होती. अर्धस्वयंचलित रायफलीला मॅगझिन काढता-घालता येत असेल आणि जोडीला पुढीलपैकी दोन गोष्टी असतील, तर ती ‘असॉल्ट वेपन’ : घडी होणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवण्याची खाच, नळीच्या तोंडाशी ज्योत झाकणारे साधन, ग्रेनेड लाँचर. बंधू-भगिनींनो, अमेरिकेच्या रस्त्यावर संगीन लावून कोणी खून केल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही. गोळी किती वेगाने सुटते, कशी लागते, याच्याशी यादीतील बहुतेक गोष्टींचा संबंध नव्हता.

परिणाम व्हायचा तोच झाला. कारखानदारांनी संगिनीची खाच काढली, ज्योत झाकणारे साधन काढले, नाव बदलले आणि जवळजवळ तीच बंदूक पुन्हा दुकानात मांडली. बंदीपूर्वी विकलेल्या बंदुका तर कायदेशीरच राहिल्या. ‘रुगर मिनी-१४’ या रायफलीची गोष्ट फार बोलकी आहे. तिचा साध्या दस्त्याचा प्रकार कायद्याने नाव घेऊन सवलतीच्या यादीत ठेवला, कारण ती शिकाऱ्याच्या बंदुकीसारखी दिसते. पण ती मारते तेच काडतूस, जे एआर-१५ मारते आणि तेही त्याच पद्धतीने. याच मिनी-१४ जातीच्या रायफलीने १९८९ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे चौदा महिलांचा बळी घेतला होता. पुढे २०११ मध्ये नॉर्वेच्या उटोया बेटावर एकोणसत्तर जण मारले गेले, तेव्हाही मारेकऱ्याकडे मिनी-१४ होती. दिसण्यावरून शस्त्राची परीक्षा करणाऱ्यांना याहून कठोर उत्तर कोणते असू शकेल?

हा गोंधळ नकळत झाला, असेही नाही. बंदूक-नियंत्रणाचे एक पुरस्कर्ते जॉश शुगरमन यांनी १९८८ सालीच उघड लिहिले होते, की सैनिकी रूपामुळे लोक अर्धस्वयंचलित बंदुकीला मशीनगन समजतात आणि या गैरसमजाने बंदीला मिळणारा पाठिंबा वाढेल. २००७ मध्ये काँग्रेस सदस्य कॅरोलिन मॅकार्थी यांना दूरचित्रवाणीवर विचारण्यात आले, की आपल्या विधेयकातील ‘बॅरल श्राउड’ म्हणजे काय? त्यांना सांगता आले नाही. खांद्यावरची वर जाणारी वस्तू असावी, असे काहीसे त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात तापलेल्या नळीचा चटका बसू नये म्हणून घातलेले ते आवरण असते. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. मी करणार नाही. या बाईंचे पती १९९३ मध्ये लाँग आयलंडच्या रेल्वेगाडीतील गोळीबारात मारले गेले होते. त्यांची वेदना शंभर नंबरी खरी होती. पण ते ज्या शस्त्राने मारले गेले, तेही पिस्तूलच होते.

आकडे काय सांगतात?

एफबीआयची २०१९ ची आकडेवारी पाहू. ज्यांचा तपशील मिळाला अशा १३,९२७ खुनांपैकी १०,२५८ बंदुकीने झाले. त्यांत पिस्तुले व रिव्हॉल्व्हर ६,३६८ आणि सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३६४. सुमारे ३,३०० खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सुरीसारख्या धारदार शस्त्रांनी झालेले खून १,४७६. म्हणजे नोंदलेल्या रायफलींच्या चौपट. २०२१ मध्ये त्या देशात बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, २६,३२८, या आत्महत्या होत्या. वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर मात्र काळी रायफलच दिसते. एकाकी माणसाच्या खणातील पिस्तूल दिसत नाही.

बंदीची मुदत २००४ मध्ये संपली. त्याच वर्षी क्रिस्टोफर कोपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी न्याय खात्यासाठी केलेला अभ्यास आला. बंदीपूर्वीही अशा शस्त्रांचा वापर बंदुकीच्या गुन्ह्यांपैकी साधारण दोन ते आठ टक्क्यांतच होत असे आणि बंदीचे नूतनीकरण केले तरी परिणाम फार तर अल्प, कदाचित मोजताही न येण्याइतका असेल, असा त्याचा निष्कर्ष होता. देशव्यापी बंदी पुन्हा आली नाही. काही राज्यांनी मात्र आपापले कायदे ठेवले.

दुसरी बाजू

येथवर ऐकून कोणी म्हणेल, “म्हणजे या बंदुका निरुपद्रवीच की!” तसे मुळीच नाही. असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची फसवणूक होईल. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत वीस बालके व सहा प्रौढ गेले, २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका गेल्या. दोन्ही ठिकाणी एआर-१५ धर्तीच्याच रायफली होत्या. रायफलीची गोळी पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून अधिक वेगाने येते, तिची जखम भीषण असते. मोठ्या मॅगझिनमुळे मारेकऱ्याला थांबावे लागत नाही. कोपर यांनीही बंदुकीच्या रूपापेक्षा मॅगझिनच्या क्षमतेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा मानला. शिवाय १९८० च्या दशकात ‘असॉल्ट’ हा शब्द मिरवून माल खपवण्यात बंदूक-व्यवसायातली मंडळीही मागे नव्हती. आज तेच हा शब्द बनावट आहे म्हणून ओरडतात, तेव्हा त्यांनी आपली जुनी जाहिरातही आठवावी.

२०१७ मध्ये लास व्हेगास येथे एकाच मारेकऱ्याने दहा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या. साठ जणांचा बळी गेला. त्याच्या अर्धस्वयंचलित रायफलींना ‘बंप स्टॉक’ नावाचा दस्ता जोडलेला होता. बंदुकीच्या धक्क्याचा उपयोग करून हा दस्ता चाप बोटावर पुनःपुन्हा आदळवतो. सरकारने त्यावर बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केली. न्यायालयात वाद कशावर झाला? चापाच्या एका क्रियेत किती गोळ्या सुटतात, यावर! कायद्यातील एका वाक्यखंडावर निकाल फिरला. शब्दांना कमी लेखणाऱ्यांनी तो निकाल अवश्य वाचावा.

चुकलेल्या मथळ्याची किंमत

पुन्हा व्हर्जिनिया टेककडे येतो. त्या प्रकरणातील खरी बातमी कोणती होती? त्या तरुणाला २००५ मध्येच एका न्यायाधिकाऱ्याने स्वतःच्या जिवाला धोकादायक ठरवून मानसिक उपचारांचा आदेश दिला होता. ती नोंद पडताळणीच्या यादीत गेलीच नाही आणि दुकानातील तपासणीत तो निर्वेध उत्तीर्ण झाला. दोष होता कार्यालयातील एका न भरलेल्या नोंदीत. पुढे जानेवारी २००८ मध्ये अशा नोंदी सुधारण्याचा कायदा झाला. मी मात्र माझ्या वाचकाला एका काल्पनिक रायफलीकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो. आपली लेक तिथे का गेली, हे जाणण्याचा एका मुंबईकर कुटुंबाला हक्क होता. मराठी वृत्तपत्राने त्यांना खरे कारण सांगायला हवे होते.

म्हणून आपणा सर्वांना, विशेषतः घरी चार जणांत बातमीवर चर्चा करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि गृहिणींना माझी विनंती आहे. शस्त्राची बातमी आली की तीन गोष्टी विचाराव्यात. ते शस्त्र कसे चालते? ते त्या हातात कसे पोहोचले? आणि सुचवलेला उपाय यांपैकी कशाला भिडतो? वैद्याने निदान चुकवले, तर औषध कितीही कडू असो, रोग हटत नाही. शोकाकुल समाजाला उपाय हवा असतो. त्याच्या हाती नुसता शब्द ठेवणे, ही त्याच्या दुःखाची प्रतारणा आहे.

ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवले आहे. सुभेदारांना मी उत्तर लिहिले, क्षमा मागितली आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. ती आतल्या पानावर, बोटभर जागेत आली. चूक मात्र पहिल्या पानावर आठ स्तंभी होती. हा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्याचाच एक हप्ता समजावा.