विद्यार्थ्याची वाणी आणि संस्थेची शांतता
(खारघर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांच्याच विद्यार्थिदशेतील एका प्रसंगाने आज आरंभ करतो. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना माधवरावांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या पारड्यात टाकले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान गृहस्थ. माधवरावांची बुद्धी ते ओळखून होते. तरीही त्यांनी सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद केली. त्या शिक्षेचा आणि पुढे निघालेल्या व्याख्यानमालेचा काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण आपण आज ज्या खुर्च्यांवर बसलो आहोत, त्यांच्या मुळाशी लिहिल्याबद्दल शिक्षा झालेला एक विद्यार्थी आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

आपले खारघर हे आता विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. सकाळी स्टेशनाबाहेर उभे राहावे, म्हणजे पाठीवर पिशव्या घेतलेली मुले-मुली रिक्षांच्या रांगेत दिसतात. त्यांतली कित्येक बाहेरगावची, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. आईबापांची अपेक्षा साधी असते : मूल संध्याकाळी सुखरूप परत यावे. या अपेक्षेला मी हसणार नाही. पांडवकड्यावर विद्यार्थी वाहून गेलेले आपण ऐकले आहे, आणि पावसाळ्यात पोलिस तिकडची वाट बंद करतात त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पाण्याच्या लोंढ्याशी वाद घालता येत नाही. माझी शंका एवढीच आहे की, ओढ्याला लावायची ती फळी आपण हळूहळू सभागृहाच्या दारालाही लावू लागलो आहोत.

ही फळी नवी नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसनच्या प्राचार्यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. हे प्राचार्य कोण? रँग्लर परांजपे ! कर्मकांडाला न जुमानणारा, विचारस्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता. त्यांना स्वातंत्र्य कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण संस्थेची धुरा खांद्यावर होती, आणि सरकारची मर्जी फिरली तर संस्थेचे काय, ही काळजी त्या काळी कोणत्याही चालकाला सुटलेली नव्हती. टिळकांनी 'केसरी'तून या शिक्षेवर कडक टीका केली. मला येथे टिळकांची बाजू घेणे सोपे आहे. अवघड आहे ते परांजप्यांच्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहणे. पुढे मीही तसल्याच, पण फार लहान खुर्चीत बसलो, त्याचे सांगेन.

भीती खोटी असते असेही नाही. त्याच फर्ग्युसनमध्ये २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. आणि आपल्या आठवणीतले सांगायचे तर, १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकांच्या वातावरणात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या हिंसेने सारे हादरले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि परीक्षेत पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. गुंडांचा बंदोबस्त करायचा होता, आपण मतपेटीचा केला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली खरी, पण पुढे कित्येक वर्षे ती कागदावरच राहिली. एवढ्या काळात एक पिढी अशी तयार झाली की, जिने सभेत उभे राहून मत मागितले नाही, हरली नाही, आणि हरल्यावर विरोधकाशी चहा प्यायली नाही.

आता अलीकडचे दोन प्रसंग घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे एक नाटक चालले होते. रामलीला करणाऱ्या नटांची पडद्यामागची गंमत, असा विषय. देवतांचा अपमान झाला म्हणून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. नाटक वाईट असेल, भावना खरोखर दुखावल्या असतील; तसे म्हणण्याचा, लिहिण्याचा, दाराबाहेर निषेधाचा फलक धरण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. त्यानंतर केंद्रात मोडतोडही झाली.

दुसरा प्रसंग मे २०२५ चा. पुण्यातील अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने युद्धप्रसंगाविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला. शिव्याशाप येताच तो काढून टाकला, माफी मागितली. तरी महाविद्यालयाने तिचे नाव काढले, आणि कारणांत लिहिले की तिच्यापासून संस्थेला व समाजाला धोका आहे. मुलगी येरवड्याच्या तुरुंगात गेली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि सोमशेखर सुंदरेसन यांनी तिला सोडण्याचा हुकूम दिला, परीक्षेला बसू देण्यास सांगितले आणि सरकारची कानउघाडणी केली. तो मजकूर मला मुळीच पटत नाही. पण धमक्या जिला येत होत्या, तिलाच धोका ठरवणे ही कोणती रीत?

येथे कोणी विचारील, शब्दांनी जखम होत नाही काय? होते. डॉक्टर पायल तडवी या आदिवासी मुलीने २०१९ साली मुंबईत वसतिगृहात जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. तिची आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या मातांसमोर वाणीस्वातंत्र्याची पोपटपंची करायला मी तयार नाही. मी फरक करतो तो असा : नाटकाला आलेल्या माणसाला उठून जाता येते, वसतिगृहातल्या मुलीला खोली सोडून, वॉर्ड सोडून, पदवी सोडून कोठे जाता येते? एका माणसाला गाठून, त्याची वाट अडवून, रोज मारलेला शब्द हा वाद नव्हे, तो छळ आहे, आणि त्यासाठी रॅगिंगविरोधी कायदा आपल्या राज्यात १९९९ पासून आहे. दुर्दैव असे की, जेथे धाव घ्यायची तेथे संस्था समिती नेमून स्वस्थ बसतात, आणि जेथे स्वस्थ बसायचे तेथे धाव घेतात.

आता माझे. एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही) वादविवाद मंडळ माझ्याकडे होते. विषय ठेवला होता आरक्षणाचा. दोन्ही बाजूंची मुले महिनाभर ग्रंथालयात बसली होती. आदल्या संध्याकाळी मला एक फोन आला : "सर, उद्या काही झाले तर जबाबदार कोण?" आवाज सभ्य होता. शिवी नव्हती, धमकी म्हणावी असा शब्द नव्हता. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी फळ्यावर लिहिले, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव रद्द.' बाजूने बोलणारी मुलगी माझ्याकडे आली. तिने भांडण केले नाही. "सर, तुम्ही आमच्याकडून घाबरलात की आमच्यासाठी?" एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही. आज, निवृत्तीनंतरही, नीट देता येत नाही.

फार उशिरा मला कळले की त्याच १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन खटल्यात माझे उत्तर देऊन ठेवले होते. तो खटलाही आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचा. विरोधकांनी दंग्याची धमकी दिली म्हणून बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येणार नाही, बंदोबस्त ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. मला त्या रात्री करता येण्याजोगे पुष्कळ होते. फोनवरच्या गृहस्थाला नाव विचारायचे, तक्रार लेखी मागायची. प्राचार्यांना घेऊन पोलिस ठाण्यात जायचे आणि दोन शिपाई दाराशी मागायचे, आत नव्हे. ज्यांचा आक्षेप आहे त्यांना सांगायचे की पुढच्या शनिवारी हेच सभागृह तुमचे. आणि मुलांना एकत्र बसवून खरे ते सांगायचे, की मला भीती वाटते आहे, तुमचे काय मत?

ती मुलगी आता वकिली करते. वक्तृत्वासाठी मी तिला गुण दिले नव्हते. स्पर्धाच झाली नाही.