बालनेतृत्व शिबिर : तीन वर्षांचा अनुभव आणि एक विनंती
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हां स्वयंसेवकांस शिबिराचा वृत्तान्त सादर करण्याची आज्ञा केली आहे. वृत्तान्त म्हटला की किती मुले आली, किती खर्च झाला, कोणी देणगी दिली यांची यादी अपेक्षित असते. ती हिशेबाच्या पानांवर छापलेली आहेच. तेव्हा तिचा पुनरुच्चार न करता, या कामी आमचे कोठे चुकले आणि आता आपणांपुढे कोणता प्रश्न उभा आहे, एवढेच सांगण्याची परवानगी असावी.

पहिले शिबिर 2022 साली, सिंहगडाच्या परिसरातील एका गावी, शाळेच्या इमारतीत शनिवार-रविवारी भरले. इयत्ता सहावी ते आठवीची 32 मुले-मुली आली. आमचा उत्साह दांडगा होता, विचार मात्र तोकडा. दोन दिवसांत आम्ही नऊ व्याख्याने ठेवली. विषय सारे उत्तम होते; परंतु नेतृत्वाच्या नावाने भरविलेल्या शिबिरात मुलांनी केले काय, तर सतरंजीवर बसून मोठ्यांचे ऐकले. पंगत आम्ही वाढली, शिट्टी आम्ही फुंकली, भांडणेही आम्हीच सोडविली. अखेरीस उत्कृष्ट नायकाचा चषक आमच्यापैकीच एका कार्यकर्त्याच्या चिरंजिवास मिळाला. मुलगा हुशार होता, यात वाद नाही. पण निघतेवेळी एका भगिनीने शांतपणे विचारले, "आमच्या मुलीला दोन दिवसांत बोलायची एक तरी पाळी आली का हो?" आम्हांस उत्तर देता आले नाही. चषकाची प्रथा त्याच वर्षी बंद केली.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वाचले, अनुभवी शिक्षकांस विचारले. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीकच्या ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले होते. बालवीर चळवळीचा उगम तेथला. गृहस्थ लष्करी, साम्राज्याचे अभिमानी. त्यांच्या त्या अभिमानाशी आपणांस कर्तव्य नाही. परंतु त्यांची पद्धत विचारात घेण्याजोगी वाटली. मुलांच्या चार लहान तुकड्या केल्या, प्रत्येक तुकडीचे नायकपण एका मुलाकडेच दिले, आणि श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले व कामकरी घरांतील मुले एकत्र राहिली. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट सामान्य नव्हती.

2023 साली आम्ही व्याख्याने एकावर आणली. आठ-आठ जणांच्या चार तुकड्या केल्या. नायक दर अर्ध्या दिवसाने बदलावयाचा, म्हणजे दोन दिवसांत प्रत्येक तुकडीतील निदान चौघांना पाळी यावी. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, मुक्कामाची व्यवस्था सर्व तुकडीकडे. भ्रमणध्वनी पेटीत बंद. मुलांचेही आणि आमचेही. आम्हां मोठ्यांस नियम एकच : वीस पावलांवर उभे राहावे, विस्तव, पाणी किंवा दुखापत यांचा धोका दिसला तरच पुढे व्हावे.

हा नियम पाळणे किती कठीण आहे, हे सांगून पटावयाचे नाही. शनिवारी सायंकाळी एका तुकडीची खिचडी खाली लागली. करपल्याचा वास अंगणभर पसरला. आमच्यातील एक काकू, ज्यांच्या हाताखाली दोनशे पाने सहज उठतात, त्यांना ते पाहवेना. त्या पदर खोचून निघाल्या आणि पळीला हात घालणार, तोच त्या वेळची नायिका, सातवीतील एक अबोल मुलगी, म्हणाली, "काकू, अजून आमची पाळी आहे." काकू परतल्या. त्या मुलीने मग कोणावर ओरडाआरडा केला नाही. वरची खिचडी हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढविली, प्रत्येकास किती भूक आहे हे विचारले, आणि शेजारच्या तुकडीकडे जाऊन उरलेला भात मागून आणला. मोबदल्यात त्यांची भांडी घासण्याचे कबूल केले. रात्री नऊ वाजता आठही जण भांडी घाशीत होते आणि हसत होते. ही तीच मुलगी, जिच्या आईने आदल्या वर्षी आम्हांस निरुत्तर केले होते. करपलेले पातेले मात्र दोन दिवस भिजत ठेवावे लागले.

पालकांविषयीही एक शब्द बोलला पाहिजे, राग नसावा. त्याच रात्री दहाच्या सुमारास एक गृहस्थ मोटार घेऊन आले, हातात पुरणपोळीचा डबा. मुलाला बाहेरचे चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलगा दोन वाट्या करपट खिचडी खाऊन केव्हाच झोपला होता. पुरणपोळी आम्ही स्वयंसेवकांनी खाल्ली आणि ती फार चांगली होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. 2024 च्या शिबिरात तुकड्यांना गावातील जुन्या विहिरी व पाण्याची टाकी शोधून नकाशा काढावयाचा होता. एक तुकडी परत आली ती गावातील दोन मुलांस घेऊन. देवळामागची बुजत आलेली विहीर त्यांनीच दाखविली होती; आमच्या कोणाही कार्यकर्त्यास ती ठाऊक नव्हती. जेवणाची वेळ झाली तशी ती दोघे कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. कोणी जा म्हटले नव्हते, कोणी ये म्हटले नव्हते. तुकडीच्या नायकाने येऊन विचारले, "त्यांना बोलवू का?" आणि बंधूहो, आम्ही पाचही मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. एकाने ताटे मोजून आणल्याचे सांगितले. मुलगा म्हणाला, "आमच्या ताटांतून देतो." ती दोघे आत आली, जेवली, सायंकाळपर्यंत राहिली. परंतु नोंदवहीत आम्ही त्यांची नावे लिहिली नाहीत, कारण शिबिर सभासदांच्या पाल्यांसाठी आहे असा नियम आहे. ती कोरी राहिलेली जागा तेव्हापासून आम्हांस टोचत आहे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा की, 32 पैकी 8 जागा त्या गावच्या शाळेतील मुलांस द्याव्या. निवड त्यांच्या शिक्षकांनी करावी. आणि ती आठजण वेगळी तुकडी म्हणून न ठेवता प्रत्येक तुकडीत दोघे असावी. निधी ज्ञातिबांधवांनी ज्ञातीसाठी दिला आहे, हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. आपल्या कित्येक घरांतील पहिला शिकलेला माणूस ज्ञातीच्या वसतिगृहात राहून शिकला आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस हात दिला, तो काळच तसा होता. वेगळे छत्र नसते तर कित्येकांस छत्रच मिळाले नसते. पण त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. मुले एकत्र राबत, एकत्र जेवत. दोन्ही गोष्टी आपल्याच परंपरेतील आहेत. आमच्यातही या प्रस्तावावर एकमत झालेले नाही. पाचांपैकी चौघे अनुकूल, एकजण प्रतिकूल, आणि तो आमचा सर्वांत जुना कार्यकर्ता आहे. आठ सभासदांच्या मुलांस परत पाठवावे लागेल, त्यांना काय सांगावयाचे, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी दुसरे शिबिर भरविणे हाच उपाय आम्हांस दिसतो, आणि त्याला माणसे हवीत.

ठराव आज सायंकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. तेथे जे ठरेल ते आम्ही पाळू. दुसरे शिबिर व्हावयाचे तर आणखी सहा स्वयंसेवक लागतील. निदान दोन भगिनी असाव्या, आणि एकास प्रथमोपचाराची माहिती असावी. आधीच्या महिन्यात दोन रविवार तयारीसाठी द्यावे लागतील. नावे प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर नोंदवावी. मोठी पातेली दोन कमी आहेत. ताटे तीन घरांनी देऊ केली आहेत.