कुत्र्या-मांजरांचे श्वासनलिकेचे विकार आणि औषधांचा विवेकी वापर
(जामसांवली परिसरातील पशुपालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संत्र्याच्या बागेची राखण करणारा कुत्रा आणि धान्याच्या कोठीपाशी उंदरांवर नजर ठेवणारे मांजर हे सौंसर-पांढुर्णा भागातील शेतकरी कुटुंबाचे घटकच होत. बैलाला धाप लागली तर आपण तातडीने डॉक्टरांना बोलावतो. कुत्रा खोकू लागला तर मात्र घरात उरलेली गोळी अर्धी करून त्याला चारतो. ही सवय जिवावर बेतू शकते, म्हणून आज या विषयावर बोलावयाचे आहे.

खोकला हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. संसर्गजन्य खोकला, श्वासनलिकांचा जुनाट दाह, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका चपटी होणे, हृदयविकार अशी त्याची कारणे अनेक आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. मांजराला दमा होतो. ते जमिनीलगत बसून, मान लांबवून ठसकते, तेव्हा घशात केस अडकले असावेत असे वाटून आपण दुर्लक्ष करतो. कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यासारखे दिसले, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर तोंडात हात कदापि घालू नये. पिसाळण्याच्या रोगातही हीच चिन्हे दिसतात.

निदानानंतर औषधांची योजना होते. मांजराचा दमा आणि कुत्र्याचा जुनाट दाह यांत मुख्य औषध दाह कमी करणारे, म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड असते. त्याने तहान, भूक व लघवी वाढते. दीर्घकाळ दिल्यास मांजराला मधुमेहही जडू शकतो. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवीत नेतात. खोकला थांबला म्हणून अनेक दिवस चालू असलेले हे औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, कारण शरीराची स्वतःची तशी निर्मिती तोवर मंदावलेली असते.

फ्लुटिकासोनसारखे औषध मुखवटा लावलेल्या नळीतून श्वासावाटे देता येते. त्याचा पुरता गुण येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. साल्ब्युटामॉल आकसलेली नलिका मोकळी करते, परंतु मूळ दाह घालवीत नाही. त्याचा डबा कुत्र्याने चावून फोडल्यास विषबाधा होते, तेव्हा तो उंचावर ठेवावा. प्रतिजैविके जंतुसंसर्ग असेल तेव्हाच उपयोगी पडतात. मांजराला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिल्यावर थोडे पाणी वा खाद्य अवश्य द्यावे. ती अन्ननलिकेत अडकून राहिल्यास तेथे जखम होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माणसाच्या सर्दी-तापावरील पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे. त्याचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा करते. एका जनावराची चिठ्ठी दुसऱ्यास लागू पडत नाही, कारण मात्रा वजनावर आणि रोगावर ठरते. इतर औषधे चालू असल्यास तीही डॉक्टरांना सांगावीत.

औषधाला घरच्या काळजीची जोड हवी. चुलीचा व विडीचा धूर, कापसाची तूस, धूळ आणि अगरबत्तीचा धूर यांपासून रोगी जनावर दूर ठेवावे. वजन वाढू देऊ नये. खोकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा न बांधता छातीवरून जाणारा पट्टा वापरावा. स्वस्थ झोपलेले असता ते मिनिटाला किती श्वास घेते हे मोजून लिहून ठेवावे. श्वास सतत तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवावे. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर क्षणाचाही विलंब नको.

अशा वेळी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा अथवा फिरत्या पशुचिकित्सा सेवेच्या 1962 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुक्या जनावराला आपला त्रास सांगता येत नाही. तो ओळखणे आणि योग्य माणसाच्या हाती सोपविणे हे आपले कर्तव्य होय.