फिरता कर्णा आणि आपली गिटार

(मंडळाच्या वाद्यवृंदाच्या तालमीपूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीपुढे यंदा एक प्रस्ताव आहे. गिटारला ‘फिरत्या स्पीकर’चा आवाज देणारे खास डिजिटल पेडल वर्गणीतून घ्यावे, असा. मुलांची हौस मला कळते. पण पैसा घरोघरचा आहे, तेव्हा ही काय भानगड आहे ते आधी समजून घेऊ, एवढ्यासाठी मी उभा आहे. मी संगीतातला जाणकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत चिकटलेला यांत्रिकी विभागातला माणूस. पण हे यंत्र गवयापेक्षा फिटरला लवकर समजेल असेच आहे.

अमेरिकेत १९३५ साली हॅमंड ऑर्गन बाजारात आला. डोनाल्ड लेस्ली या गृहस्थांना त्याचा आवाज लहान खोलीत निर्जीव वाटला. त्यांनी १९४० च्या सुमारास एक लाकडी कपाट बनवले. त्यात वरच्या बाजूला बारीक आवाजाचा कर्णा आणि खाली खर्जासाठी १५ इंची स्पीकर. गंमत अशी की स्पीकर फिरतच नाही. वर कर्णा फिरतो आणि खाली स्पीकरच्या तोंडाशी बसवलेला ड्रम फिरतो, दोन्ही उलट दिशांनी. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरे नुसते तोल सांभाळायला. वाफेच्या इंजिनाच्या चाकावरचे वजन ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. हॅमंड कंपनीने हे कपाट नाकारले, पण वादकांनी डोक्यावर घेतले.

गिटारवाल्यांनी ते पुढे उचलले. बीटल्सनी १९६६ साली एका गाण्यात गायकाचा आवाजच त्यातून काढला. फेंडर कंपनीने १९६७ साली खास गिटारसाठी ‘व्हायब्राटोन’ आणला. त्यात कर्णा नाही, एकच स्पीकर आणि त्यापुढे फिरणारा ड्रम. स्टीव्ही रे व्हॉन यांच्या ‘कोल्ड शॉट’मधली डुलणारी गिटार त्याचीच.

आता त्यामागचे शास्त्र. न थांबणारी गाडी भोंगा देत फलाटावरून जाते तेव्हा येताना स्वर चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो. डॉप्लर यांनी ही कल्पना १८४२ साली मांडली. हॉलंडमधल्या बाइस बॅलट यांनी १८४५ साली ती पडताळली, तीही इंजिनामागच्या उघड्या डब्यात तुतारीवाले बसवून आणि रुळाकडेला पक्क्या कानाचे वादक उभे करून. म्हणजे ही विद्या पहिल्यापासून आपल्याच खात्याची!

हिशोब करू. कर्ण्याचे तोंड आसापासून २० सेंटिमीटरवर धरा. जलद गतीत तो मिनिटाला साधारण ४०० फेरे घेतो. म्हणजे तोंडाचा वेग ताशी ३० किलोमीटर, मालगाडीचा. त्याने स्वर सव्वादोन-अडीच टक्के वरखाली होतो, अर्ध्या स्वराच्या निम्म्याहूनही कमी. डिजिटल यंत्र हेच कसे करते? आवाज थोडा थांबवून सोडते आणि तो थांबा सतत कमीजास्त करते. कर्णा आपल्याकडे आला की आवाज सुमारे ०.६ मिलिसेकंद लवकर, पलीकडे गेला की तितकाच उशिरा. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात हा फरक जेमतेम २६ नमुन्यांचा. इतके गणित आज स्वस्तातली चिपही करते.

मग साध्या कोरस पेडलने ते का जमत नाही? कारण कोरसमध्ये सगळा आवाज एकदम, एकाच चालीने हलतो. लेस्लीमध्ये ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज कर्ण्याकडे आणि खालचा ड्रमकडे जातो, आणि दोघांची चाल वेगळी. माझ्या मते खरा जीव तर गती बदलताना आहे. संथ गतीत मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे. बटण दाबले की हलका कर्णा सेकंदाभरात पळू लागतो, जड ड्रमला मात्र चार-पाच सेकंद लागतात. लोकल सुटते तशी मालगाडी सुटत नाही. मधल्या त्या काही सेकंदांत दोघांची चाल जुळत नाही आणि तिथेच अंगावर काटा येतो. नुसती जलद गती लावून गाणेभर वाजवले तर दोन मिनिटांत कंटाळा येईल.

आपल्या तिघा गिटारवादकांकडे मल्टी-इफेक्ट आहेत. मी तिन्ही उघडून पाहिले. तिन्हींत ‘रोटरी’ आहे. त्यात कर्णा आणि ड्रम वेगळे लावता येतात आणि गती चढायचा वेळही. ड्रमचा वेळ वाढवा, कर्ण्याचा कमी ठेवा. डिस्टॉर्शन रोटरीच्या आधी लावा. मूळ कपाटातही अ‍ॅम्प्लिफायर आधी आणि कर्णा नंतर. आवाज आधी फाटतो, मग फिरतो. उलटे केलेत तर डिस्टॉर्शन आवाजाची चढउतार सपाट करून टाकते आणि फिरणे नीट ऐकू येत नाही.

आणखी एक. हेडफोनवर डावी-उजवीकडे फिरणारा आवाज झकास वाटतो, पण आपल्या मंडपात सगळे स्पीकर एकच आवाज देतात. दोन बाजूंचे दोन आवाज एकत्र केले की काही सूर एकमेकांना खातात आणि गिटार पोकळ वाटते. तेव्हा इफेक्ट मोनोवरच ठेवा. हजारो रुपयांचे पेडल आणले तरी या मंडपात ते मोनोच वाजणार आहे, हे कोषाध्यक्षांनी लक्षात घ्यावे.

आजच्या तालमीत पहिली दोन गाणी याच सेटिंगवर वाजतील. गती बदलायचे बटण पायाखाली ठेवले आहे. कडवे संपताना दाबायचे, मध्येच नाही. ती ऐका आणि मग प्रस्तावावर हात वर करा. दहा वाजता लाउडस्पीकर बंद करायचा आहे, तेव्हा मी आता बाजूला होतो.