थोरल्यांचे शिक्षण : विनाशुल्क महाविद्यालये आणि स्थलांतरितांची भावंडे



घरात शिकण्याजोगी मुले तीन आणि ऐपत एकालाच शिकविण्याची असेल, तर शिकायचे कोणी? हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा नाही. बहुतेक घरांनी त्याचे एकच उत्तर दिलेले आहे : थोरल्याने कमवायचे आणि धाकट्याने शिकायचे. आपला मुलूख सोडून परक्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबांत तर हे उत्तर जवळजवळ नियमासारखे पाळले गेले. आईवडिलांना तिथली भाषा येत नाही, ओळखीपाळखी नाहीत, भाडे मात्र दरमहा द्यावे लागते. अशा वेळी हाताशी आलेला मुलगा किंवा मुलगी शाळेतून थेट कामावर जाते. तिच्या त्यागाचे पुढे कौतुक होते. परंतु त्या कौतुकाने तिचे हुकलेले शिक्षण भरून निघत नाही. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत रुजलेल्या विनाशुल्क कम्युनिटी कॉलेजांच्या योजनांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे स्थानिक, सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली स्थापन झालेले कॉलेज त्यांतील सर्वांत जुने मानले जाते. येथे प्रवेशासाठी गाळणी लावली जात नाही. परिचर्या, जोडकाम, हिशेबनिशी यांसारखे व्यवसायशिक्षण येथे मिळते, नवागतांना इंग्रजीचे वर्ग मिळतात आणि दोन वर्षांनंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाटही मिळते. विद्यार्थी घरी राहून, नोकरी सांभाळून शिकतो. म्हणूनच स्थलांतरितांच्या मुलांना हे कॉलेज सर्वांत जवळचे वाटते.

विनाशुल्क उच्च शिक्षणाची कल्पना तिकडे नवी नाही. न्यूयॉर्कच्या नागरिकांनी १८४७ साली मतदान करून ‘फ्री अकॅडमी’ स्थापन करविली. तीच पुढे सिटी कॉलेज झाली. १९७६ पर्यंत, म्हणजे शहराचे दिवाळे निघण्याची वेळ येईपर्यंत, तेथे शिक्षणशुल्क नव्हते. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले या दारातून आत गेली. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क हे त्यांपैकी एक. वडील वस्त्रव्यवसायात, स्वतः फारसे न शिकलेले. जोनास तीन भावांतील थोरले. ते १९३४ साली सिटी कॉलेजचे पदवीधर झाले. पाठच्या भावांपैकी हर्मन पशुवैद्य झाले आणि ली बालमानसशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. तिघांच्या यशाचे श्रेय एका फीमाफीला देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि थोरला शिकला म्हणून धाकट्यांची वाट अडली नाही, एवढे निश्चित.

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांतही १९८४ पर्यंत शिक्षणशुल्क आकारले जात नव्हते. त्यानंतरच्या काळात शुल्क हीच रीत झाली. तिला उलटा प्रवाह मिळाला तो टेनेसी राज्याच्या ‘टेनेसी प्रॉमिस’ या योजनेने. तिचा कायदा २०१४ साली झाला आणि पहिली तुकडी २०१५ मध्ये दाखल झाली. त्याच वर्षी शिकागो शहराने आपल्या सरकारी शाळांतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी ‘स्टार’ शिष्यवृत्ती सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ मध्ये शहरवासीयांचे शुल्क माफ केले. त्यासाठीचा पैसा उभा राहिला तो ५० लाख डॉलर्सहून अधिक किमतीच्या मालमत्तांच्या हस्तांतरणावर वाढविलेल्या करातून. न्यू मेक्सिकोची व्यापक योजना २०२२ ची, तर मॅसॅच्युसेट्सने २०२४ मध्ये सर्व वयाच्या रहिवाशांसाठी हे दार उघडले.

या योजनांचे मोल कळण्यासाठी एक कल्पित घर डोळ्यांपुढे आणू. मेक्सिकोतील पुएब्ला प्रांतातून २००४ साली एक जोडपे पाच वर्षांच्या मुलीला घेऊन, कागदपत्रांवाचून शिकागोला आले. धाकटा मुलगा आजीजवळ राहिला, तो २००९ मध्ये आला. मधल्या काळात, २००६ साली, तिसरे मूल शिकागोतच जन्मले. घर एक, जेवणाचे टेबल एक. पण कायद्याच्या लेखी तीन भावंडे तीन जातींची. शेंडेफळ जन्माने अमेरिकेचे नागरिक. ताई २०१२ च्या ‘डाका’ धोरणाखाली येऊ शकते, कारण ती १५ जून २००७ पूर्वी देशात आलेली आहे. तिला काम करण्याचा परवाना मिळतो. मधला भाऊ त्या तारखेनंतर आला, म्हणून तो त्या धोरणाबाहेर. केंद्र सरकारचे ‘पेल’ अनुदान, जे २०२४-२५ मध्ये अधिकाधिक ७,३९५ डॉलर्स होते, ते फक्त शेंडेफळाला. ताई आणि मधला भाऊ दोघेही त्यास अपात्र. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालाने अशा मुलांना सरकारी शाळेचा हक्क दिला. परंतु तो शाळेच्या फाटकापाशी संपतो.

अशा ठिकाणी शिकागोची योजना उपयोगी पडते. तिने नागरिकत्व विचारले नाही. शाळा आणि गुण विचारले. त्यामुळे ताईला आणि तिच्या पाठच्या भावालाही शिकण्याची संधी राहते. टेनेसीत हेच घर असते तर चित्र वेगळे झाले असते. तेथील योजना नागरिक किंवा मान्यताप्राप्त स्थलांतरित यांच्यापुरतीच आहे. तीत दर सत्रात आठ तास समाजसेवा करावी लागते आणि पूर्णवेळ शिकावे लागते. म्हणजे ‘विनाशुल्क’ हा शब्द एकच, पण दार कोणासाठी किती उघडते हे राज्यागणिक बदलते.

आता भावंडांचा खरा मुद्दा. थोरले भावंड कॉलेजात जाते तेव्हा ते केवळ पदवी आणत नाही; ते घरात वाटेची माहिती आणते. अर्ज कोठे करायचा, कोणता विषय केव्हा घ्यायचा, कोणत्या खिडकीवर कोणते कागद लागतात, हे ज्ञान शिकलेल्या घरांत न शिकविता मिळते. स्थलांतरितांच्या घरात ते कोणाला तरी प्रथम कमवावे लागते. अमेरिकेतील १० लाखांवर कुटुंबांच्या माहितीवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक-पंचमांश धाकटी भावंडे थोरल्याच्याच कॉलेजात जातात, असे आढळले. चिली, क्रोएशिया, स्वीडन आणि अमेरिका या चार देशांवरील २०२१ च्या संशोधनानेही थोरल्यांच्या निवडीचा ठसा धाकट्यांवर उमटतो, हे दाखविले. तात्पर्य, थोरल्याला मिळालेली फीमाफी त्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडणे हिशेबाला धरून नाही.

याच्या उलट दिशेनेही एक पाऊल पडले आहे. पूर्वी केंद्रीय मदतीचे गणित करताना आईवडिलांच्या अपेक्षित वर्गणीला, एकाच वेळी कॉलेजात असलेल्या मुलांच्या संख्येने भागले जाई. २०२० च्या कायद्यान्वये, २०२४-२५ पासून, ही सवलत संपली. अगदी गरिबांची वर्गणी मुळातच शून्य, त्यांना फरक पडला नाही. त्यांच्याहून किंचित वर असलेल्या आणि दोन-तीन मुले बरोबरीने शिकणाऱ्या घरांना मात्र झळ लागली. त्याच वर्षीचा नवा अर्ज सुरुवातीला सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या पालकांना भरताच येईना. नागरिक असलेले शेंडेफळही अशा वेळी आईबापांच्या कागदांपायी अडकते. जेथे निदान शुल्काचे ओझे नाही, तेथे ही अडचण सोसण्याजोगी होते.

तथापि फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे नव्हे. टेनेसी व शिकागो येथील योजना इतर अनुदाने वजा जाता उरलेलेच शुल्क भरतात. ज्याचे शुल्क पेल अनुदानातच भागते, त्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती नवे फारसे पडत नाही. बसभाडे, घरभाडे, पोटाची भाकरी हे खर्च तसेच राहतात. आणि थोरल्या भावंडाने शिकायचे ठरविले की घरात येणारा पगार घटतो, तो कोणत्याच फीमाफीत मोजला जात नाही. न्यू मेक्सिकोने यावर उपाय शोधला : तेथे राज्य आधी शुल्क भरते, म्हणून पेलचे पैसे जगण्यासाठी मोकळे राहतात, अर्धवेळ शिकणारेही पात्र ठरतात आणि नागरिकत्वाची अट नाही. भावंडांचा भार वाहणाऱ्यांच्या दृष्टीने हीच रचना अधिक न्यायाची म्हणावी लागेल.

हा विषय वडोदऱ्यातील मराठी ग्रंथप्रेमींना परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. १९०६ च्या अमेरिका भेटीनंतर त्यांनी १९१० साली तिकडचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना येथे बोलावून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणविले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आपल्या भावंडांत हायस्कूलपर्यंत पोहोचलेले ते एकटेच. एकाला मिळालेल्या शिष्यवृत्तीने काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. आणि उरलेल्या भावंडांना काही मिळाले नाही, याची आठवणही तेच उदाहरण देते.

शिष्यवृत्ती एकाला निवडते. विनाशुल्क व्यवस्थेत निवडीची ही सक्ती सैल होते. ताई शिकली तरी भावाचे शिकणे थांबत नाही, आणि आईबापांवर आपल्याच लेकरांत डावे-उजवे करण्याची वेळ कमी येते. ग्रंथालयाच्या पुस्तकाचेही असेच आहे : थोरल्याने वाचून परत केलेले पुस्तक धाकट्यासाठी तितकेच भरलेले असते. शंभर वर्षे हे व्रत सांभाळणाऱ्या संस्थेच्या सभासदांना त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.