छापील अंक बंद होताना

(येरवडा येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आपले त्रैमासिक पुढच्या अंकापासून मुख्यतः मोबाईलवर येणार आहे. समितीचा हा निर्णय तुम्हाला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. छपाईचा व टपालाचा खर्च वाचेल, अंक वेळेवर मिळेल, हे फायदे तुम्ही ऐकलेच आहेत आणि ते खरे आहेत. मला मात्र आज माझ्या एका चुकीविषयी सांगायचे आहे. या निर्णयाशी तिचा जवळचा संबंध आहे.

गेली पंधरा वर्षे या अंकातला बराचसा मजकूर मी लिहिते. अंक छापून आला की महिला मंडळाच्या भगिनी याच सभागृहात सतरंजीवर बसून घड्या घालायच्या, पत्ते चिकटवायच्या, आणि सोमवारी गठ्ठे टपालात पडायचे. अंक कोणाच्या हाती जाणार हे आम्हाला नावानिशी ठाऊक असे. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्या पाड्यावर मात्र तो कधी जात नसे. हे मला तेव्हा खटकले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत छापखाना बंद पडला. मग तो अंक आम्ही पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात एका कातकरी बाईची हकीकत होती. दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर जाते, मालकाकडून आधी घेतलेली उचल फिटता फिटत नाही, पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि हाती काही उरत नाही. एवढे लिहून थांबले असते तरी चालले असते. पण वाचणाऱ्यांचे मन द्रवावे, अर्पण जास्त यावे, म्हणून मी नवऱ्याचे दारू पिणे लिहिले, मारहाण लिहिली, दगावलेल्या मुलाविषयी लिहिले. वर तिचे नाव, पाड्याचे नाव आणि फोटो.

तीन आठवड्यांनी फोन आला. तिचा मोठा मुलगा बोलत होता. वसतिगृह बंद झाल्यामुळे तो घरी आला होता. आमचा अंक या गटातून त्या गटात जात त्याच्या मित्रांच्या मोबाईलवर पोहोचला होता. तो म्हणाला, “ताई, हे सगळं छापायच्या आधी आईला वाचून दाखवलं होतं का?”

मी म्हटले, “फोटो काढू का म्हणून विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.”

“फोटोचं नाही विचारत मी,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

मी आमच्या गटातल्या सर्वांना तो अंक आपापल्या मोबाईलवरून काढून टाकायला सांगितले. पण लोकांच्या मोबाईलवर गेला होता, तो गेलाच होता. कागदाचा अंक कपाटात राहतो, रद्दीत जातो. मोबाईलवरचे पान परत बोलावता येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग छापीलच बरे होते. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले. मग जुने अंक काढून बसले. तशा हकीकती प्रत्येक अंकात होत्या. फरक इतकाच की, त्या लोकांनी त्या कधी वाचल्या नव्हत्या. म्हणजे चूक पंधरा वर्षांची होती. मोबाईलने ती माझ्यासमोर आणली.

आपण आज येरवड्यात जमलो आहोत. इथल्या कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. पुढे गांधीजी तिथेच कैदेत असताना ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून ‘हरिजन’ साप्ताहिक निघाले. पहिल्या अंकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे संदेश मागितला होता. त्यांनी संदेश दिला नाही. जातिव्यवस्था मोडल्याशिवाय अस्पृश्यांची सुटका नाही, हे आपले परखड मत मात्र लिहून पाठवले. ते निवेदन त्याच पहिल्या अंकात छापले गेले. ज्यांच्यासाठी पत्र काढले, त्यांच्या नेत्याचा मतभेद पहिल्याच दिवशी त्या पत्रात आला.

आपल्या मिशन परंपरेतही असे उदाहरण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केला. १८५५ साली त्यात मुक्ता साळवे हिचा निबंध आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली लहान वयाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी एखाद्या मिशनरीनेही लिहिले असते, आणि कळवळ्याने लिहिले असते. पण संपादकांनी तिचे लिखाण तिच्या नावाने छापले. म्हणून आज पावणेदोनशे वर्षांच्या आसपास झाली तरी आपण तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत वाचू शकतो.

तेव्हा मोबाईलवर जाताना काही गोष्टी आपण ठरवल्या आहेत. कोणाचीही हकीकत द्यायची तर आधी त्या व्यक्तीला, तिला कळेल अशा बोलीत, पूर्ण वाचून दाखवायची. ती नको म्हणेल ते काढायचे. अडचणीत असलेल्या मुलांचे नाव, शाळा, चेहरा द्यायचा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ हेच सांगते, आणि कायदा नसता तरी आपण हे पाळायला हवे होते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे बोलणे त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून अंकासोबत पाठवायचे. कागदावर हे जमत नव्हते, मोबाईलवर जमेल.

छापील अंक अगदीच बंद होणार नाही. ज्या वृद्ध बंधुभगिनींकडे मोबाईल नाही, आणि ज्या पाड्यांवर नेटवर्क नाही, त्यांच्यासाठी थोड्या प्रती निघतील. आपल्याला प्रत हवी असल्यास पाळकसाहेबांकडे नाव द्यावे, संकोच करू नये.

जुन्या अंकांचीही काळजी घ्यायची आहे. आमच्याकडच्या जुन्या सीडी उघडल्या, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवत असत. तो फाँट संगणकावर नसला की मजकूर वाचता येत नाही. आता युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून ते सारे अंक युनिकोडमध्ये आणावे लागतील. छापील प्रती घरात असल्या तर रद्दीत घालू नका, आम्हाला द्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, तरी त्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे ते आपल्यापर्यंत आले. सांभाळणारी माणसे लागतातच, मग पान कागदाचे असो की पडद्यावरचे.

शेवटी एक विनंती, आणि ती करायला मला थोडे जड जाते. यापुढे आपल्या अंकात रडवणाऱ्या हकीकती कमी असतील. रडक्या चेहऱ्याच्या मुलांचे फोटो नसतील. हिशेब, कामाची माहिती आणि लोकांचे स्वतःचे बोलणे जास्त असेल. वाचताना डोळ्यांत पाणी आले नाही, म्हणून कृपया आपले अर्पण कमी करू नका. वीटभट्टीवरची उचल तेवढीच आहे.

त्या मुलाकडे मी टाळेबंदीनंतर गेले. त्याच्या आईची माफी मागितली. ती फारसे बोलली नाही, पण चहा दिला. या वर्षी तिने स्वतःहून बचत गटाविषयी सांगितले, मी लिहून घेतले आणि मुलाने ते तिला वाचून दाखवले. तिने एक वाक्य काढायला लावले. पुढच्या अंकात तुम्ही वाचाल, ते त्या वाक्याशिवाय असेल.