सत्रान्तीचे आत्मावलोकन

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांचे आणि अनेक शाळांचे पहिले सत्र डिसेंबरात, नाताळच्या सुटीपूर्वी संपते; आणि परीक्षेची धामधूम उरकत आली असता तेथील अनेक शिक्षक अखेरचा एखादा तास नव्या पाठात खर्ची न घालता, झालेल्या अभ्यासाकडे विद्यार्थ्यांनी स्वतः वळून पाहावे यासाठी मुद्दाम राखून ठेवतात. कोणी पुढील वर्षी त्याच वर्गात येणाऱ्या अनोळखी मुलास सल्ल्याचे पत्र लिहावयास लावतो. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याहून साधा उपक्रम. सत्रारंभीचा पहिला निबंध आणि डिसेंबरातील शेवटचा, असे दोन्ही कागद मेजावर शेजारी-शेजारी मांडून, जुन्यातले जे वाक्य आज आपण निराळे लिहू त्याखाली विद्यार्थ्याने रेघ ओढावयाची, आणि तसे का, याचा खुलासा समासात स्वहस्ते नोंदवावयाचा. शिक्षकाने मात्र त्यावर गुण देऊ नयेत, कारण गुणांची अपेक्षा शिरली की प्रांजळपणा मागे सरतो.

अनुभवाचे चिंतन झाल्याखेरीज शिक्षण पुरे होत नाही, या विचारास अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या १९१० सालच्या ‘हाउ वी थिंक’ या ग्रंथाने भक्कम अधिष्ठान दिले. आणि याच ड्यूईंच्या अध्यापनाचा लाभ कोलंबिया विद्यापीठात शिकत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना झाला होता.

आपल्याकडे प्रथम सत्र दिवाळीच्या सुटीपूर्वी आटोपते. तेव्हा प्रगतिपुस्तकातील शेऱ्यांवर संतुष्ट न राहता, शिक्षक बंधुभगिनींनी त्या सुटीपूर्वीचा एक तास मुलांच्या जुन्या वह्यांसाठी अवश्य द्यावा.